ताडोबात वाघाखेरीज काय काय बघायचं? मुलाची यादी तयार आहे, मदत हवी

मीनल_ठाणे
नमस्कार मंडळी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ताडोबाला जातोय. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६८). मोहर्ली गेटच्या दोन कोअर (आतलं राखीव जंगल) सफारी आणि आगरझरीची एक बफर (कोअरभोवतीचं, गावं असलेलं जंगल) सफारी बुक झाली आहे. आमच्यापैकी कुणीच आधी जंगलात गेलेलं नाही.

नवऱ्याच्या ऑफिसातलं एक कुटुंब गेल्या वर्षी जाऊन आलं. त्यांना वाघ दिसला नाही आणि सगळी सहल वाया गेली असंच ते अजून सांगतात. आमच्या मुलाचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्याने वहीत यादी केली आहे: वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रे, गवा, मगर, चौसिंगा, खवले मांजर. यातलं खरोखर काय दिसू शकतं? कुठे बघायचं, ओळखायचं कसं? चितळ आणि सांबर यांत माझाच गोंधळ होतो, तर त्याला काय सांगणार. दुर्बीण घ्यावी का? आणि अस्वल वाघापेक्षा धोकादायक असतं हे खरं का? सासूबाई त्या एका गोष्टीने जरा धास्तावल्या आहेत.

नागपूरचा_विकास
दुर्बीण जरूर घ्या, ८x४० किंवा त्याच्या आसपासची. त्याहून मोठी घेतली तर मुलाच्या हातात स्थिर राहणार नाही. दोन-तीन सफारींसाठी महागातली नको. घरीच गच्चीवरून कावळे-घारी बघून सराव करू द्या, जंगलात पहिल्यांदा डोळ्याला लावली तर फक्त पानं दिसतात.

बाकी: मूळ ओळखपत्र प्रत्येकाचं, बुकिंगवर जे नोंदवलंय तेच. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तेव्हा फोटो हवे असतील तर साधा कॅमेरा सोबत ठेवा. मंगळवारी ताडोबा बंद असतं, तारखा एकदा तपासा. नाका-तोंडावर बांधायला सुती पंचा, प्रत्येकाला वेगळा, कारण पुढच्या गाडीची धूळ सगळी अंगावर येते. सकाळी सहाच्या सुमारास उघड्या जिप्सीत मार्चमध्येही गारठा लागतो आणि दहाला ऊन चटकायला लागतं. प्राण्यांबद्दल इथल्या गाइडताईंना लिहू द्या, त्या अधूनमधून इथे येतात.

मोहर्लीची_गाइड
मीनलताई, नमस्कार. मी मोहर्ली भागातलीच, गाइडचं काम करते. आमचं गाव बफरमध्ये येतं. गाई चारायला, सरपणाला, मोहफुलं वेचायला आम्ही लहानपणापासून याच जंगलात गेलो, त्यामुळे प्राण्यांची ओळख पुस्तकाआधी झाली. तुमच्या मुलाच्या यादीतलं सगळं सांगते, पण क्रम माझा ठेवते, कारण त्याच्या यादीत जे दोन प्राणी नाहीत तेच मला पहिल्यांदा सांगायचे आहेत.

वानर आणि चितळ. गेट ओलांडलं की थोड्याच वेळात दिसतात आणि दिसतात म्हणूनच लोक त्यांच्यावरून नजर काढून घेतात. त्याला सांगा, इथेच नीट बघ. वानरं झाडावर बसून पाला खातात, अर्धा खाऊन अर्धा खाली टाकतात, आणि चितळं नेमकी त्या झाडाखाली येऊन तो पाला खातात. वानराला उंचावरून लांबचं दिसतं, चितळाला खालून वास येतो. दोघं मिळून राखण करतात. वानर खर्र-खक असं ओरडायला लागलं की ते कुठल्या दिशेला टक लावून बघतंय ते बघायचं. आम्ही तुम्हाला वाघ दाखवतो तेव्हा पुष्कळदा वानराची नजर धरूनच दाखवतो.

चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, हा किंचाळल्यासारखा टोकदार आवाज. चितळ मात्र पटकन घाबरतं. बिबट्या असो, रानकुत्रे असोत, कधी नुसतीच शंका असो, ते ओरडतं. सांबर उगीच ओरडत नाही. 'ढांक' असा घुमणारा आवाज करतं, शेपूट ताठ वर, पुढचा पाय जमिनीवर आपटतं. सांबराचा कॉल पुन्हा पुन्हा आला की आम्ही गाडी थांबवून इंजिन बंद करायला लावतो. तुमचा गोंधळ असा मिटेल: चितळ तांबूस, अंगावर पांढरे ठिपके, कळपात. सांबर म्हशीच्या वासराएवढं किंवा त्याहून मोठं, काळपट तपकिरी, ठिपके नाहीत, मानेला आयाळीसारखे राठ केस, एकटं किंवा दोन-तीन. दोघांच्याही फक्त नराला शिंगं, फांद्या फुटलेली, आणि ती गळून पुन्हा येतात. सांबरांची साधारण उन्हाळ्यात गळतात, म्हणजे तुम्ही याल तेव्हा एखादा मोठा नर बिनशिंगाचा दिसला तर त्याला मादी समजू नका.

रोही, म्हणजे तुमच्याकडे नीलगाय म्हणतात ती, शिंगं कधी टाकत नाही. नर राखाडी निळसर, मादी पिवळट तपकिरी. जंगलाच्या कडेला आणि मोकळ्या माळावर दिसेल. पिकात शिरते म्हणून शेतकऱ्याला नको असते, आणि त्यांचं तसं वाटणं खोटं नाही.

गवा दिसण्याची शक्यता चांगली आहे. उन्हं उतरायला लागली की बांबूतून कळप बाहेर पडतो. नर काळाकुळकुळीत, हजार किलोच्या घरात जाणारा, चारही पायांना गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे. माद्या आणि पिल्लं तपकिरी. पाठीवर खांद्यापासून मधोमध उंचवटा असतो, तो बाजूने बघितला की कळतो. गव्याला राग आला की तो सरळ अंगावर येण्याआधी आडवा उभा राहून आपलं अंग दाखवतो. तसा उभा राहिला तर ड्रायव्हर गाडी मागे घेईल, तेव्हा अजून थोडं थांबा म्हणून आग्रह धरू नका.

रानकुत्रे. हे दिसले तर तुमच्या मुलाचं नशीब थोर असं मी म्हणेन, आणि ते दिसतात, कारण हे दिवसा शिकार करतात. तांबडा रंग, झुबकेदार काळं शेपूट, आकाराने गावातल्या कुत्र्याएवढेच. भुंकत नाहीत, शीळ घालतात. जंगलात शीळ ऐकू आली आणि पक्षी दिसेना तर सडकेच्या दोन्ही बाजूंना बघायचं. टोळीने शिकार करतात आणि शिकार जिवंत असतानाच खायला सुरुवात करतात. हे दृश्य समोर आलं तर मुलाचे डोळे झाकू नका, पण त्याला आधी सांगून ठेवा. टोळीत पिल्लं असतील तर पिल्लांना आधी खायला देतात, मोठे बाजूला थांबतात, हेही त्याला दाखवा. एका रानकुत्र्याचं वजन पंधरा-सोळा किलो, पण टोळीपुढे वाघसुद्धा कधी कधी शिकार सोडून देतो.

चौसिंगा बघायला नजर लागते. शेळीएवढा, एकटा किंवा जोडीने, सुक्या मोकळ्या रानात, पण पाण्यापासून फार लांब नाही. चार शिंगं फक्त नराला, पुढची दोन अगदी बुटकी. मादीला एकही नाही, त्यामुळे मादी आणि भेकर (एक लहान हरीण) यांत गोंधळ होतो. भेकर जास्त तांबडं, चेहऱ्यावर डोळ्यांच्या मधून काळ्या रेघा, आणि ओरडतं कुत्र्यासारखं. चौसिंग्याच्या पायांवर पुढच्या बाजूने गडद पट्टा असतो आणि चाल झटके दिल्यासारखी. तो एकाच जागी लेंड्या टाकतो. सडकेच्या कडेला बारीक लेंड्यांचा ढीग दिसला तर गाइडला विचारा.

मगर ताडोबा तलावात आहे. गाडी काठावर थांबवायला सांगा आणि घाई करू नका. ओंडका वाटतो तो ओंडका नसतो. सकाळी ऊन खायला काठाच्या गवतावर येते, तोंड उघडं ठेवून पडते. त्याच तलावाच्या काठी तारूदेवाचं ठाणं आहे. तारू हा गोंडांचा मुखिया, वाघाशी झुंजताना गेला, लोकांनी त्याला देव मानलं. पौषात तिथे आमचे लोक दर्शनाला येतात. रस्त्याच्या कडेला उंच दगडी खांब दिसतील, ते गोंड राजांच्या काळातले असं आमच्याकडे सांगतात. सासूबाईंना हे आवडेल.

आता वाघ. मार्चअखेरीस पाणी आटत आलेलं असतं, पानगळ झालेली असते, त्यामुळे लांबपर्यंत दिसतं. वाघ मऊ धुळीच्या सडकेवरून चालणं पसंत करतो. सकाळी पगमार्क (पंजाचा ठसा) बघायचा तो टायरच्या खुणेवर आहे की टायर त्याच्यावरून गेलंय ते. टायरवर पंजा म्हणजे वाघ गाडीनंतर गेला. नराचा पंजा चौकोनी पसरट, मादीची बोटं थोडी लांबट. वाघ-वाघीण शेपटी वर करून झाडावर लघवीचा फवारा मारतात. ताजा असेल तर सुवासिक चिन्नोर तांदूळ शिजताना येतो तसा वास येतो. तेलिया आणि पांढरपौनी या पाणवठ्यांच्या बाजूला दुपारी पाण्यात मागचं अंग बुडवून बसलेला वाघ पुष्कळांनी पाहिलेला आहे. पाण्यात शिरताना तो पाठमोरा शिरतो, तोंड बाहेर ठेवतो. जामनीचं गाव उठून गेल्यावर तिथे मोठं कुरण झालं, चितळांचे मोठे कळप तिथे असतात, आणि ते आहेत म्हणून वाघही आहे.

बिबट्या वाघाच्या वाटेत येत नाही, म्हणून तो जास्त करून कडेला, खडकांत, गावाजवळ. तुमची आगरझरीची फेरी त्यासाठी चांगली. झाडाच्या आडव्या फांदीखाली लोंबणारं शेपूट शोधायचं. ताडोबात २०१८ मध्ये पर्यटकांना काळा बिबट्याही दिसला होता. तो वेगळा प्राणी नव्हे, बिबट्याच, उन्हात नीट पाहिलं तर त्याच्याही अंगावर गुलाबासारखे डाग दिसतात.

खवले मांजर दिसणार नाही. ते रात्रीचं आणि फार थोडं उरलंय. त्याऐवजी मुलाला वारुळं बघायला सांगा. उकरलेली, कोनासारखं भोक पडलेली वारुळं अस्वलाची. त्याबद्दल वेगळं लिहिते, कारण ते थोडक्यात सांगण्यासारखं नाही.

मीनल_ठाणे
ताई, किती मनापासून लिहिलंत. मुलाने तुमचं उत्तर वहीत उतरवून घेतलं, चितळ-सांबराचं तर चित्रच काढलंय. अस्वलाबद्दल जरूर लिहा. सासूबाईही वाचतायत.

मोहर्लीची_गाइड
तुम्ही येताय तोच अस्वलाचा हंगाम. मार्चच्या मध्यापासून मोह गळायला लागतो. फुलं पहाटे गळतात, त्यामुळे उजाडताना झाडाखाली पिवळसर सडा असतो. ती फुलं वेचायला आमच्या बाया-माणसं अंधारातच टोपलं घेऊन निघतात, आणि त्याच वेळेला, त्याच झाडाखाली अस्वल येतं. दोघांनाही तेच हवं असतं. अस्वलाची नजर अधू, कान बेताचे, नाक मात्र तीक्ष्ण. खाण्यात गुंगलेलं असलं की माणूस अगदी जवळ आल्यावर त्याला कळतं, आणि मग ते पळण्याऐवजी अंगावर येतं. आमच्याकडे अस्वलाने जखमी केलेली माणसं गावोगाव आहेत, चेहऱ्यावर खुणा असलेली. माझ्या आईने मोह वेचताना सतत काहीतरी बोलत राहायची, गाणं म्हणायची सवय आम्हाला लावली ती त्यासाठीच. म्हणजे पायी चालणाऱ्याला अस्वलाची भीती आहे, ती खरी आहे. गाडीत बसलेल्याला नाही. सासूबाईंना सांगा, गाडीतून अस्वल तुमच्याकडे बघतही नाही, आपलं काम करत राहतं.

ते काम बघण्यासारखं आहे. अस्वलाला वरचे पुढचे दोन दात नसतात. वारूळ उकरायचं, तोंड भोकाला लावायचं, आधी फुंकून माती उडवायची आणि मग वाळवी ओढून घ्यायची. नाकपुड्या बंद करता येतात त्याला. इंजिन बंद असेल तर हा ओढण्याचा आवाज बऱ्याच लांबून ऐकू येतो. मादीच्या पाठीवर पिल्लं बसलेली असतात, बहुधा दोन. लांब केसांत धरून बसतात. पिल्लं बरोबर असतील तर गाइड लांबच थांबवेल.

ओळख: काळं, झिपरं, छातीवर पांढरट इंग्रजी व्ही, थुतरी फिकी, नखं लांब आणि वाकडी. सडकेवर विष्ठा दिसली आणि तिच्यात मोहाची फुलं तशीच असली तर जवळपास आहे. पळस, मोह, तेंदू कुठलं झाड ते मुलाला गाइडकडून शिकून घ्यायला सांगा. झाड ओळखता आलं की प्राणी कुठे येईल ते आपोआप कळतं. मे महिन्यात याल तर मोह संपलेला असेल, तेंदू पिकलेला असेल आणि अस्वल तेंदूखाली असेल.

हे लिहिताना एक सांगावंसं वाटतं. मे २०२५ मध्ये आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. २०२१ मध्ये ताडोबाच्या कोलारा गेटकडे व्याघ्रगणनेच्या कामात पायी फिरणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. तुम्ही जो वाघ चार तासांसाठी बघायला येता, त्याच्याबरोबर इथली माणसं वर्षभर राहतात. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला एवढं सांगितलं तर कळेल. गाइडला त्याच्या गावाबद्दल विचारू द्या.

सचिन_के
सगळं छान आहे, पण स्पष्ट बोलतो. चार जणांचं गाडी-गेट-गाइड-हॉटेल-विमान धरलं तर खर्च कुठे जातो बघा. एवढे पैसे भरून वानरं बघायची का? मी तर ड्रायव्हरला आधीच सांगतो, वाघ दाखव, वरचे पैसे वेगळे देतो. त्याने काम होतं.

मोहर्लीची_गाइड
सचिनदादा, तुमचा खर्च खरा आहे आणि वाघ बघायची इच्छाही खरी आहे. मलाही दर वेळी तो दिसावा असंच वाटतं. पण 'वाघ दाखव, मग पैसे' याने गाडीत काय होतं ते मी आतून बघते.

ड्रायव्हरला ते पैसे हवे असतात, कारण घर त्यावर चालतं. मग तो एका जागी थांबत नाही. दुसऱ्या गाडीतून इशारा आला की सुसाट. सांबराचा कॉल इंजिनच्या आवाजात बुडतो. जिथे थांबलो असतो तर वाघ आपल्या पायाने सडकेवर आला असता, तिथून आपण निघून गेलेलो असतो. आणि सगळ्या गाड्या एका वाघाभोवती गोळा होतात. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एफ-२ वाघीण आणि तिची पाच पिल्लं रस्त्यावर असताना दोन्हीकडून गाड्यांनी वाट अडवली. व्हिडिओ सगळीकडे फिरला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि ड्रायव्हर यांच्यावर कारवाई झाली. कारवाई व्हायलाच हवी होती, पण त्या प्रत्येक गाडीत मागे बसून 'अजून पुढे घे' म्हणणारंही कुणीतरी होतं. पिल्लं आईजवळ साधारण दोन वर्षं राहतात, तिच्याकडून शिकार शिकतात. त्या काळात तिला सडक ओलांडता आली नाही, पिल्लं इकडे आणि आई तिकडे अशी झाली, तर त्याचा परिणाम तुमच्या-माझ्या फोटोपेक्षा फार मोठा असतो.

पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या, आम्हाला त्याची गरज आहे. फेरी संपल्यावर द्या, वाघ दिसो न दिसो, काम कसं केलं ते बघून द्या. आणि एक मागणी करून बघा. सकाळी सुरुवातीलाच सांगा, 'आम्हाला एका पाणवठ्यावर अर्धा तास इंजिन बंद करून बसायचंय.' ड्रायव्हरला नवल वाटेल, कारण असं मागणारे थोडे. आधी मोर येतील, मग वानरं, मग चितळं कान टवकारत, रानडुक्कर थेट घुसेल, सांबर शेवटी येईल आणि बराच वेळ काठावर उभं राहील. यातलं कुणी मध्येच पाणी पिणं सोडून एका दिशेला बघत राहिलं की तुम्हीही तिकडे बघा. माझ्या आठवणीतली चांगली सायटिंग्ज अशा बसण्यातून झालेली आहेत, पाठलागातून फार थोडी.

अमरावतीचे_पक्षीवेडे
ताईंच्या पाणवठ्याच्या सल्ल्याला माझा पूर्ण पाठिंबा. तिथे बसलात तर पक्षीही फुकट मिळतात. मार्चअखेरीस पळस अजून थोडा फुललेला असेल, सावरही. त्या झाडांवर मैना, कोतवाल, शिंजीर, टकाचोर यांची नुसती गर्दी असते. टकाचोर मुलाला लगेच ओळखता येईल, गंजका रंग आणि लांब शेपूट. ओढ्याच्या गर्द सावलीत स्वर्गीय नर्तक शोधा. पूर्ण वाढलेला नर पांढराशुभ्र, काळं डोकं, आणि शेपटीची दोन लांब पिसं हवेत फितीसारखी लहरतात. एकदा दिसला की मूल त्याचं नाव विसरत नाही.

पाण्याजवळच्या वठलेल्या फांदीवर तुरेवाला सर्पगरुड बसलेला असतो, पाय पिवळे, पोटावर पांढरे ठिपके. मत्स्यघुबड नाल्याच्या काठच्या दाट झाडात दिवसा झोपलेलं असतं, गाइडला जागा माहीत असते, विचारा. नवरंग मात्र तुम्हाला मिळणार नाही, तो पावसाच्या तोंडावर येतो. त्याच्यासाठी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा जा. कोअर १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत बंद असतं.

मीनल_ठाणे
सगळ्यांचे खूप आभार. नवरंगासाठी पुन्हा जायचं असं मुलाने आत्ताच जाहीर केलंय. दोन गोष्टी राहिल्या. सासूबाईंच्या कमरेचा त्रास आहे, जिप्सीत कुठे बसवावं? आणि पाणवठ्यावरचा अर्धा तास सकाळच्या फेरीत मागावा की दुपारच्या?

मोहर्लीची_गाइड
मागच्या चाकांवर येणारी सीट त्यांना देऊ नका, दणके तिथेच बसतात. त्याच्या पुढची घ्या, आणि कडेची न देता मधली, म्हणजे दोन्हीकडून आधार मिळतो. कमरेमागे ठेवायला छोटी उशी आणा. गेटवर निघायच्या आधीच ड्रायव्हरला सांगा, 'आजी आहेत, खड्ड्यात हळू.' आमची मुलं ऐकतात, वयाच्या माणसाचा मान ठेवतात. कमरेला बांधायचा पट्टा असेल तर तो घालूनच बसू द्या. आत गाडीतून उतरता येत नाही, नेमून दिलेल्या जागीच उतरू देतात, तेव्हा पाणी बेताने प्या, पण प्या. ऊन इथलं फसवं आहे.

पाणवठ्याचा अर्धा तास दुपारच्या फेरीत मागा. सकाळी प्राणी फिरतीवर असतात, तेव्हा सडकेवरच्या खुणा बघत हळूहळू जाण्यात जास्त मिळतं. दुपारी गेटमधून शिरल्यावर पहिला तास सगळे सावलीत असतात, तो वेळ पाण्याजवळ घालवा. मगर बघायची असेल तर ती सकाळच्या फेरीत, तलावाच्या काठी.

गाइड आम्हाला पाळीप्रमाणे लागतात, त्यामुळे माझीच गाडी मिळेल असं सांगता येत नाही. पण जो कुणी येईल त्याला वही दाखवा. आगरझरीची फेरी दुपारची असेल तर उन्हं उतरल्यावर बांबूच्या कडेने हळू न्यायला सांगा, गव्यांचे कळप त्या सुमाराला बाहेर येतात.